यंदा पायाला वाळू लागू दे : आमच्या सोसायटीच्या सहल समितीस अनावृत पत्र

माननीय अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि सहल समितीचे सर्व सभासद,

स. न. वि. वि.

हे पत्र मी बंद पाकिटात घालून देणार होते. गेल्या वर्षी तसंच दिलं होतं. ते ‘पुढच्या मीटिंगला घेऊ’ या सदरात गेलं आणि पुढची मीटिंग गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर संपली. म्हणून यंदा लिफ्टशेजारच्या फलकावर, दूधवाल्याच्या सूचनेच्या वर, सगळ्यांना दिसेल असं लावते आहे. लांब आहे. लिफ्ट येईपर्यंत पुरं होणार नाही. जिन्याने जा, गुडघ्यांना बरं असतं.

विषय अर्थातच सहलीचा. यंदाही अलिबागच ठरलं, याचा मला आनंद आहे. माझं माहेर नागावचं. पण यंदाही तीच बस आणि तेच रिसॉर्ट ठरतंय असं कळलं, तेव्हा गप्प बसवेना.

गेल्या वर्षीची सहल जरा आठवून पाहा. पहाटे साडेपाचला गेटवर जमलो. बस सव्वासहाला आली. गाडीवाल्यांचं नाव इथे घेत नाही. पनवेलपर्यंत अंताक्षरी झाली, पेणपर्यंत बटाटेवडे झाले आणि वडखळच्या अलीकडे आपण जे थांबलो ते थांबलोच. ए विंगचे काका दोनदा खाली उतरून लिंबू सरबत पिऊन आले, तरी बस तिथेच होती. रिसॉर्टला टेकलो तेव्हा पाऊण वाजला होता. मग जेवण, त्यात पनीर. मग स्विमिंग पूल, त्यात ‘नायलॉनचे कपडे नसतील तर पाण्यात उतरता येणार नाही’. मग तंबोला. चार वाजता ड्रायव्हरने हॉर्न वाजवायला सुरुवात केली, कारण परतीला पुन्हा वडखळ होतं. येताना अलिबागच्या किनाऱ्यावरून गाडी हळू नेली आणि कोणीतरी म्हणालं, “तो बघा समुद्र!” आम्ही डावीकडच्या खिडक्यांतून पाहिला. उजवीकडे बसलेल्यांना तोही दिसला नाही.

घरी येऊन चपला काढल्या तर तळव्याला वाळूचा एक कण नव्हता. समुद्रावर जाऊन आलेल्या बाईचे पाय असे कोरडे असतात का?

म्हणून माझी सूचना अशी, की यंदा बस करू नका. लोकलने, बोटीने आणि एसटीने जाऊ.

आता हसून झालं असेल तर पुढे वाचा.

आपण ठाण्याहून रस्त्याने जातो तेव्हा सबंध खाडी आणि बंदर यांना वळसा घालून पनवेल, पेण, वडखळ करत शंभर किलोमीटरच्या घरात जातो. गेटवेपासून मांडव्यापर्यंतचं पाणी सरळ रेषेत मोजलं तर पंधरा किलोमीटरसुद्धा भरत नाही. बोटीला साधारण तास लागतो. मांडव्याहून अलिबाग जेमतेम वीस किलोमीटर, आणि बहुतेक बोटीवाल्यांच्या तिकिटातच पुढच्या बसचं भाडं धरलेलं असतं. उतरायचं, समोर उभ्या बसमध्ये बसायचं, चोंढी मागे टाकायची आणि अलिबागला स्टँडजवळ उतरायचं.

पण मुद्दा नुसता अंतराचा नाही. बसने गेलं की समुद्र हा पोचण्याचं ठिकाण होतो आणि वाटेत काही झालं की तोच कापला जातो. बोटीने गेलं की गेटवेच्या पायऱ्या उतरल्या क्षणी समुद्र सुरू. परतताना धक्क्याला लागेपर्यंत तो संपत नाही. अलिबागला पोचून काहीच केलं नाही, तरी दोन तास पाण्यावर काढलेले असतात. थंडीत समुद्रपक्षी आलेले असतात. उत्तरेकडून हिवाळ्यापुरते येणारे कुरव. ते बोटीच्या मागे हातभर अंतरावरून उडतात. मुलांना दाखवा, पण त्यांना शेव आणि गाठ्या फेकणारे लोक बोटीवर असतातच, त्यांत आपण नको. हजारो मैल उडून आलेल्या पाहुण्याला कोणी फरसाणावर ठेवतं का?

आता तारखेबद्दल, आणि हा भाग समितीने नीट वाचावा. तुम्ही ठरवलेला रविवार अमावास्येचा आहे. आपल्या समितीत कॅलेंडर पाहून हॉल रिकामा आहे का विचारतात, बँक बंद आहे का विचारतात, समुद्राला कोणी विचारत नाही.

माझे वडील भरतीची वेळ घड्याळाशिवाय सांगायचे. आमच्याकडे कोळ्यांना आणि वाडीवाल्यांना सगळ्यांनाच ते येई. तिथीची पाऊणपट करायची. आमच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकली. त्यातल्या पाऊणकीचा मला आयुष्यात झालेला हा एकमेव उपयोग. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. त्यात सहा तास आणि वर थोडी मिनिटं मिळवली किंवा वजा केली की ओहोटी. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हिशेब सारखाच. पाच-दहा मिनिटं नव्हे, कधी अर्धा-पाऊण तासही इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला पुरतो. नेमकी वेळ हवी तर भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाइलवरही मिळतं, हे माझ्या नातीने मला सांगितलं. मी तिला पाऊणकी शिकवली.

तर अमावास्येला काय होईल? साडेअकरा-बाराच्या सुमारास पूर्ण भरती, तीही उधाणाची. ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. म्हणजे आपण तिथे असू त्या सगळ्या वेळात अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याभोवती पाणीच पाणी आणि किनाऱ्यावरची वाळू निम्मी बुडालेली. किल्ला लांबून पाहून परत.

त्याऐवजी पुढचा शनिवार धरा. बहुतेकांना सुट्टी असते, आणि त्या दिवशी षष्ठी आहे. सहा पाऊण साडेचार. दुपारी साडेचारला भरती, म्हणजे सकाळी दहा-साडेदहाला ओहोटी. अष्टमीला ओहोटी बरोबर मध्यान्हीला येते, ते जास्त सोयीचं वाटेल. पण ते भांगाचे दिवस. भांगाला पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी, त्यामुळे किल्ल्याच्या वाटेवर मांडीभर राहू शकतं. षष्ठीला निदान गुडघ्याखाली असावं. तरीही पाण्यात पाऊल टाकण्याआधी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला विचारायचं, आणि तो ‘नको’ म्हणाला तर नको. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावर मतं मागवायची नाहीत.

कुलाबा किल्ला मी लहानपणापासून किती वेळा पाहिला सांगता येत नाही. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, अखेरच्या दिवसांत, त्याचं बांधकाम सुरू केलं. पुढे आंग्र्यांच्या काळात त्याचा दरारा वाढला. आपला रायगड जिल्हा १९८१ पर्यंत याच किल्ल्याच्या नावाने कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जायचा. माझ्या शाळेच्या दाखल्यावर अजून तेच नाव आहे. आत गणपतीचं देऊळ आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं. चारी बाजूंना खारं पाणी आणि आतल्या विहिरीला गोडं. शेजारी सर्जेकोट म्हणून धाकटा कोट. सगळं सावकाश पाहायला तास-दीड तास पुरतो आणि दुपारी बाराच्या आत सगळ्यांनी किनाऱ्याला परत आलं पाहिजे. फोटोंसाठी मागे रेंगाळून भरतीत अडकणारे दरवर्षी असतात. आपल्यातले कोण रेंगाळतील ते मला माहीत आहे. इथे लिहीत नाही.

वेळेचा हिशेब असा, की ठाण्याहून सव्वापाचच्या सुमारास निघायचं. गेल्या वर्षी आपण साडेपाचलाच गेटवर होतो, बसची वाट पाहत. तेव्हा पहाटे उठण्याबद्दल कुरकुर नको. त्या वेळी लोकलमध्ये बसायला जागा मिळते, हा अनुभव आपल्या निम्म्या सभासदांना आयुष्यात आलेला नसेल. सीएसएमटीहून गेटवेपर्यंत बस किंवा टॅक्सी. सातच्या आसपासची बोट मिळाली तर आठला मांडवा, नऊला अलिबाग. आणि पाणी दहा-साडेदहापर्यंत उतरतच असतं.

दुपारी जेवायला खानावळ. रिसॉर्टमधल्या लांबलचक टेबलाची काही गरज नाही. सुरमईचं ताट, तांदळाची भाकरी, सोलकढी. शाकाहारी मंडळींना वालाचं बिरडं मिळालं तर त्यांचं नशीब मोठं. येताना पांढरा कांदा घ्यायचा असेल तर अजून थोडा लवकर आहे. नवा कांदा बाजारात येतोय का ते पाहू. वेणीसारख्या विणलेल्या माळा मिळतात. त्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून भाव चढलाय आणि नावावर भलताच कांदाही खपतो, तेव्हा खरेदी माझ्यावर सोपवा.

जेवणानंतर मुलांना घेऊन वेधशाळेच्या बाजूने एक फेरी मारता येईल. आत जायला परवानगी लागते, पण बाहेरून गोष्ट सांगता येते. मुंबईत विजेची ट्राम येणार ठरलं, तेव्हा तिच्या विजेमुळे तिकडच्या कुलाब्याच्या वेधशाळेतली पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं बिघडणार होती. म्हणून ते काम १९०४ मध्ये इथे अलिबागला हलवलं, आणि इमारत बांधताना लोखंड लागू दिलं नाही. म्हणजे मुंबईकरांना स्वस्तात फिरता यावं म्हणून अलिबागला वेधशाळा मिळाली. ट्राम १९६४ साली गेली. वेधशाळा अजून आहे.

आणि मग दुपारची एसटी, नागावला. सात-आठ किलोमीटर. इथे खजिनदारांनी कान द्यावा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, २०२३ पासून. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीटच नाही. पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं. आपल्या सोसायटीत पूर्ण तिकीट काढणारे किती निघतील ते मोजा, मला तर दोन्ही हातांची बोटं पुरली. आधार कार्ड मात्र बरोबर ठेवा. वय कमी दिसतं म्हणून कंडक्टर सवलत देणार नाही अशी काळजी ज्या काकूंना वाटते, त्यांनी ती करू नये.

नागावला आपण साडेतीन-चारला पोचू, तेव्हा भरती चढत असेल. सकाळी ओसरलेला समुद्र आपणहून पायाशी येईल. किलोमीटरभर ओली वाळू तुडवत त्याच्या मागे जायला नको. शिवाय चढत्या पाण्यात पाय भिजवणं बरं. ओहोटीला उतरू नये, ओढ असते, हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही सांगतात. गेल्या वर्षीच्या बसला हे जमलं असतं का? तिला पाणी केव्हा चढतं ते माहीत नव्हतं, तिला वडखळ केव्हा तुंबतं तेवढंच माहीत होतं.

आक्षेप येतील. काही आलेच आहेत, जिन्यात.

पहिला, बोटीची भीती. ही भीती मी थट्टेवारी नेणार नाही. माझी आजी जन्मात पुन्हा बोटीत बसली नाही. १७ जुलै १९४७, आषाढाची अवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. अलिबागच्या बाजूला घराघरात त्या बोटीचं कोणी ना कोणी होतं. आणि इतकं मागे कशाला जायचं? १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधराजणांचा जीव गेला. तेव्हा बोटीत चढल्यावर लाइफ जॅकेट घालायचं. मळकं आहे, वास येतो, फोटोत जाड दिसतो, या सबबी नकोत. बोट भरलेली वाटली तर पुढच्या बोटीने जाऊ. पावसाळ्यात गेटवे-मांडवा बोटी बंद असतात, ते उगीच नाही. म्हणूनच मी पौष-माघातली सहल सुचवते आहे, श्रावणातली नाही. बाकी भीतीचंच म्हणाल तर गेल्या वर्षी आपला ड्रायव्हर घाटरस्ता नसतानाही घाटात असल्यासारखा चालवत होता, तेव्हा कोणी जॅकेट मागितलं नव्हतं.

दुसरा, गुडघे. हा आक्षेप खरा आहे. गेटवेला पायऱ्या ओल्या असतात, शेवाळ असतं, आणि कधी एका बोटीतून दुसऱ्या बोटीत पाऊल टाकावं लागतं. खलाशी हात देतात, तो धरायचा; तिथे मानपान नको. ज्यांना हे जमणारच नाही त्यांच्यासाठी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे, २०२० पासून. गाड्या चढतात त्याच उतारावरून माणसंही चढतात, चाकाची खुर्चीसुद्धा जाते. चार-पाच जणांचा एक गट तिकडून येईल, बरोबर दोन तरुण देऊ, मांडव्याला रिक्षा करू. किल्ल्याच्या वेळी ही मंडळी किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत बसतील. मीही कदाचित त्यांच्यातच असेन. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, त्यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेला तो धक्का, हे वाटेत सांगायला कोणीतरी हवंच.

तिसरा आक्षेप बायका चारचौघांत बोलत नाहीत, म्हणून मी लिहिते. स्वच्छतागृह. सहलीत बायका पाणी पीत नाहीत, त्याचं कारण हे आहे. बसमध्ये तर ड्रायव्हर थांबवेल तिथे आणि थांबवेल तेव्हा. या वाटेवर निदान ठिकाणं ठरलेली आहेत : सीएसएमटी, मांडव्याची जेट्टी, अलिबागचं स्टँड, दुपारची खानावळ. सुट्टे पैसे बरोबर ठेवा आणि पाणी प्या.

चौथा, शेवटची बोट चुकली तर? चुकू द्यायची नाही, हे एक. मांडव्याला उतरल्याउतरल्या परतीच्या बोटीची वेळ विचारून घ्यायची आणि साडेचारनंतर नागावात रेंगाळायचं नाही. पण चुकलीच तर आभाळ कोसळत नाही. अलिबाग स्टँडवरून पनवेलला एसटी असते आणि पनवेलहून ठाण्याला थेट लोकल. रात्री उशिरा पोचू, वडखळ लागेल, आणि तेव्हा सेक्रेटरीसाहेबांना माझ्याकडे पाहून ‘बघा’ म्हणण्याचा पूर्ण अधिकार राहील.

पाचवा आक्षेप कोणी बोललं नाही, पण मला कळला. ‘एसटीने सहल? लोक काय म्हणतील?’ कोणते लोक? गेल्या वर्षी वर्गणी ऐकून किती घरांनी ‘लग्न आहे’ म्हणून सांगितलं, आठवतं? एकाच रविवारी इतकी लग्नं पंचांगात नव्हती. तळमजल्यावरच्या मावशी आल्या नाहीत, वॉचमनच्या पोरांना कोणी विचारलंच नाही. ती दोघं या गेटवर मोठी झाली, समुद्र त्यांनी टीव्हीत पाहिला आहे. मी सांगते त्या वाटेने गेलं तर गेल्या वर्षीच्या वर्गणीच्या निम्म्यात जेवणासकट सगळं बसतं. बोटीचे दर बदलतात, म्हणून आकडा लिहीत नाही. खजिनदारांनी जेट्टीवरच्या फलकावर पाहून यावं. तेवढंच त्यांचंही फिरणं होईल. उरलेल्या पैशांत त्या दोन पोरांची तिकिटं निघतात.

एक गोष्ट कबूल करते. तंबोला बोटीवर होणार नाही, चिठ्ठ्या उडतील. अंताक्षरी होईल. माइक नसल्यामुळे ती ऐकण्यासारखीही होईल.

समितीने बुधवारपर्यंत निर्णय द्यावा, म्हणजे शनिवारची जुळवाजुळव करता येईल. ज्यांना यायचं आहे त्यांनी या पत्राखाली नाव, फ्लॅट नंबर आणि रो-रो की गेटवे ते लिहावं. पेन दोरीने फलकाला बांधलं आहे. गेल्या वर्षीचं तंबोल्याच्या याद्यांचं पेन कोणीतरी घरी नेलं, ते अजून आलेलं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बी विंग, तिसरा मजला